एम.एस्सी. गणित चालू आहे आणि सेवेचं पाचारणही आहे, दोन्ही जमेल का?

रोझ_नगर

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज धीर करून लिहितेय, पोस्ट लांब होणार आहे तेवढं सांभाळून घ्या.

मी नगरची, सध्या पुण्यात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. आजोबा पाळक होते, दीक्षा व्हायच्या आधी मिशनच्या बोर्डिंग शाळेत गणित शिकवायचे. पप्पा बँकेत, आई नर्स. लहानपणी संडे स्कूल, मग तरुण संघ, आता सुट्टीत घरी गेले की संडे स्कूलची मुलं माझ्याच ताब्यात असतात. गेली दोन वर्षं मनात एकच गोष्ट पक्की होत चाललीय की बी.डी. म्हणजे धर्मशास्त्राची पदवी करून पूर्णवेळ सेवेत जायचं. हे कन्व्हेन्शनमध्ये हात वर केला आणि झालं असलं नाही, मी यावर खूप प्रार्थना केलीय आणि ते जातच नाहीये.

अडचण ही की गणितही जात नाहीये. आमच्या मॅडम म्हणतात प्राध्यापकीची नेट परीक्षा दे, पीएचडीला अर्ज कर, तुझ्यात आहे ते. पाळकसाहेब म्हणतात पुढच्या वर्षीच बी.डी.चा फॉर्म भर, मंडळी शिफारसपत्र देईल, देव बोलावतो तेव्हा नांगराला हात घालून मागं बघायचं नसतं. आई म्हणते आधी नोकरी बघ. तिघंही माझ्या भल्याचंच बोलतायत त्यामुळे कुणावर चिडताही येत नाही.

आणि आतलं सांगायचं तर प्रार्थनेला बसले की डोकं सकाळच्या प्रूफमध्ये जातं, प्रूफ करत बसले की वाटतं एवढा वेळ बायबल वाचलं असतं तर. तरुण संघातला एक दादा तर म्हणाला की इतकं गणित म्हणजे बुद्धीचा गर्व. मला तसं वाटत नाही. बीजगणितातली गाल्वा थिअरी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली ती रात्र मला आठवते, हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन गप्प उभी राहिले होते, आणि प्रभुभोजनाच्या आधी चर्चमध्ये जी शांतता असते ना, तीच होती ती, मला दोन्हींत फरक करता आला नाही. हे घरी सांगितलं तर लोक घाबरतात.

एक छोटी गोष्ट. आजोबांची जुनी डायरी माझ्याकडे आहे, तिच्या मागच्या पानांवर त्यांनी दर वर्षीच्या ईस्टरची तारीख हाताने काढलेली आहे. वर्षाला १९ ने भागायचं, बाकीला १९ ने गुणायचं, त्यात २४ मिळवायचे, ३० ने भागून जी बाकी येईल तेवढे दिवस २१ मार्चच्या पुढे मोजायचे, ती पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. कुठून शिकले कुणास ठाऊक. सगळी वर्षं बरोबर आहेत, फक्त १९८१ ला त्यांच्या हिशोबाने २६ एप्रिल आलाय, तो खोडून १९ लिहिलाय आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. आजोबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. मी पण करून बघितलं, माझाही २६ च येतो.

तर विचारायचं हे की दोन्ही शिकलेलं कुणी आहे का? आधी काय, नंतर काय? का एक सोडावंच लागतं?

मास्तर_सोलापूर

बाळ, जय ख्रिस्त. तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी रिटायर्ड शिक्षक, ३४ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं आणि तितकीच वर्षं मंडळीत लागेल तेव्हा उपदेश केला. मलाही बाविसाव्या वर्षी सेमिनरीत जायचं होतं, वडील वारले, मागं तीन भावंडं, राहून गेलं. म्हणून तुझं लिहिणं जरा आत लागलं.

तुला हेन्री मार्टिन माहीत आहे का? आपल्याकडे रँग्लर परांजपे म्हणतात ना, ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आले, सीनियर रँग्लर. त्याच परीक्षेत १८०१ साली पहिला आलेला पोरगा म्हणजे हेन्री मार्टिन, वय वीसच्या आसपास. आदल्या वर्षी त्याचे वडील गेले होते आणि त्या दुःखात तो बायबलकडे वळला होता. पहिला नंबर आल्यावर त्याने लिहून ठेवलंय की सगळ्यात मोठी इच्छा पूर्ण झाली आणि हातात आली ती सावली. पुढे दीक्षा घेतली, १८०६ ला कलकत्त्याला आला, नवा करार हिंदुस्तानीत म्हणजे उर्दूत आणला, मग फारसीत. १८११ ला इराणला जाताना जहाजाने मुंबईला पण येऊन गेला. १८१२ मध्ये तुर्कस्तानात तोकात नावाच्या गावी वारला, वय ३१.

ही गोष्ट मी लहानपणापासून उपदेशात ऐकत आलोय आणि दर वेळी तिचा शेवट एकच करतात, की बघा त्याने गणित टाकून दिलं म्हणून देवाने त्याला वापरलं. मला हे कधीच पटलं नाही. ज्या पोराने रात्र रात्र बसून एकेक पायरी तपासायची सवय लावून घेतली तोच पोरगा परक्या भाषेतला एकेक शब्द घासून बघत सहा वर्षांत एवढं भाषांतर उरकू शकला. त्याने बक्षीस टाकलं, शिस्त नाही टाकली.

आणि उलटंही होतं. रीमान, ज्याचं नाव तुझ्या पुस्तकात पानोपानी असेल, तो पाळकाचा मुलगा, १८४६ ला ग्योटिंगेनला गेला तो थिऑलॉजी शिकायला. गणिताच्या वर्गात बसायला लागला, राहवेना, मग वडिलांना विचारलं आणि वडिलांनी हो म्हटलं. पाळक बापाने हो म्हटलं हे मला फार मोठं वाटतं. त्याच्या कबरीवर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं २८ वं वचन कोरलेलं आहे. म्हणजे जो गणितात गेला तोही देवापासून लांब गेला नाही.

माझं स्वतःचं म्हणशील तर मी दोन्ही अर्धं अर्धं केलं. रिटायर झाल्यावर सेरामपूरची धर्मशास्त्राची परीक्षा बाहेरून दिली, पासष्टाव्या वर्षी ग्रीक अक्षरं गिरवली. आनंद झाला पण पंचविशीत जे डोक्यात बसतं ते पासष्टीत बसत नाही गं. जे करशील ते वेळेवर कर एवढंच सांगतो.

टोपोलॉजी

मी ख्रिश्चन नाही, घरात विठ्ठल आहे, तरी लिहिते कारण गणिताच्या बाजूचं कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. रोझ, सेमिनरीत जायचंच आहे पण मधली वर्षं कुठेतरी काढायची म्हणून पीएचडीला बसणार असशील तर नको बसू. पाच वर्षं, कधी सहा, आणि त्यात एक अख्खं वर्ष असं येतं की काहीच हलत नाही, सकाळी उठून त्याच एका लेमाकडे, म्हणजे छोट्या प्रमेयाकडे, बघायचं, संध्याकाळी तोच लेमा. ते वर्ष फक्त गणितावर जीव असेल तरच निघतं. दुसऱ्या एका गोष्टीची वाट बघत असलेल्या माणसाचं नाही निघत.

पण तुमच्यातल्याच एका माणसाबद्दल सांगावंसं वाटतं. फादर शार्ल रासीन, फ्रेंच जेझुइट म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचे धर्मगुरू, पॅरिसमध्ये एली कार्ताँकडे डॉक्टरेट केलेली, १९३७ ला भारतात आले आणि पुढे मद्रासच्या लॉयोला कॉलेजात वर्षानुवर्षं बी.ए. ऑनर्सच्या पोरांना शिकवत राहिले. त्या वेळी आपल्याकडे सगळं जुन्या केंब्रिज परीक्षेच्या वळणाचं, युक्त्या पाठ करा आणि गणितं सोडवा. यांनी पोरांना फ्रान्समध्ये तेव्हा चाललेलं नवं गणित वाचायला लावलं. सी. एस. शेषाद्री आणि एम. एस. नरसिंहन हे दोघं त्यांचेच विद्यार्थी, दोघं १९५३ मध्ये मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटला आले, आणि नरसिंहन-शेषाद्री थिअरम आज जगात कुठेही व्हेक्टर बंडल शिकवताना येतो. मी तो पहिल्यांदा शिकले तेव्हा आमच्या सरांनी फळ्यावर दोन नावं लिहिली आणि त्यांच्या वर तिसरं नाव लिहिलं, रासीन, म्हणाले हे एका पाद्र्याने लावलेलं झाड आहे. रासीन यांनी स्वतः फार मोठे शोध नाही लावले. वर्गात उभे राहिले, एवढंच. सेवा म्हणजे नक्की काय ते तुम्ही लोक माझ्यापेक्षा जास्त जाणता, पण मला ती सेवा वाटते.

गच्चीवरची रात्र कळली बरं का. माझ्याकडे तिला वेगळं नाव आहे, पण कळली.

सेवक_मराठवाडा

रोझताई, मी बी.एस्सी. गणित करून बी.डी.ला गेलो, आज सोळा वर्षं पाळक आहे, खेड्यातल्या तीन मंडळ्या बघतो. तेव्हा तू विचारलंस ते मी जगलोय, जरा मोकळं बोलतो.

आधी शिक्षणाचं. पदवी झालेल्यांना बी.डी. चार वर्षं, राहणं तिथेच. गणितवाल्याला पहिलं वर्ष सोपं वाटतं. हिब्रू तर मला सणासारखी वाटली, तीन अक्षरांचा धातू घ्यायचा आणि तो सात साच्यांतून फिरवायचा, क्रियापदांचा तक्ता बघितला की जणू ग्रुप टेबल. वर्गातले बाकीचे रडकुंडीला आलेले आणि मी खुशीत. ग्रीक पण तशीच. मला वाटलं हे तर जमलं.

मग दुसऱ्या वर्षी शनिवार-रविवारचं फील्डवर्क. एका गावात एका घरी सांत्वनाला पाठवलं, तरुण मुलगा ट्रॅक्टरखाली गेलेला, तिसरा दिवस. मी रात्रभर बसून संदेश तयार केला होता, दुःखावर तीन मुद्दे, प्रत्येकाला वचन, एकातून दुसरा निघतोय, कुठे फट नाही. आत गेलो तर ती माऊली ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसलेली. मान वर केली नाही. मी खिशातला कागद चाचपला आणि तो बाहेर काढताच येईना मला. शेवटी तिच्या समोर बसलो आणि मी पण खडे निवडायला लागलो. अर्धा तास तरी गेला असेल. मग ती म्हणाली, त्याला खडा लागला की ताटावरून उठायचा. एवढंच बोलली. त्या दिवशी मी उपदेश केला नाही, एक स्तोत्र वाचलं आणि निघालो.

परत येताना एसटीत मला कळलं की माझी गणिताची सवय मी चुकीच्या जागी नेत होतो. गणितात फट राहिली तर ते चूक असतं. त्या घरात फट होती आणि ती मला बुजवायची नव्हती, तिच्याजवळ बसायचं होतं. सेमिनरीने मला हे शिकवलं आणि ते शिकायला चार वर्षं लागली, ते कुणी एका सुट्टीत शिकत नाही.

आता दुसरी बाजू. गणितामुळे माझं एक भलं झालं ते म्हणजे जे सिद्ध झालेलं नाही त्याला सिद्ध झालं असं मी वेदीवरून म्हणत नाही. आपल्याकडे हे फार चालतं, ७ म्हणजे हे, ४० म्हणजे ते, अमुक आकड्यात शेवटच्या काळाची खूण. तो गणिती ऑयलरचा किस्सा तर दर वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, की रशियाच्या राणीच्या दरबारात ऑयलरने एक समीकरण म्हणून दाखवलं, म्हणून देव आहे, उत्तर द्या, आणि नास्तिक फ्रेंच लेखक दिदेरो निरुत्तर होऊन पळाला. हे घडलेलंच नाही. दिदेरोला गणित चांगलं येत होतं, १७४८ मध्ये त्याचे गणितावरचे निबंध छापलेले आहेत. हा किस्सा इंग्रजीत पसरवला तो गणिती डी मॉर्गनने. ऑयलर खरोखरच देवभिरू माणूस होता, पाळकाचा मुलगा, बापाच्या इच्छेखातर थिऑलॉजीला नाव घातलेलं, घरात रोज प्रार्थना घ्यायचा. एवढं खरं असताना खोटा किस्सा कशाला सांगायचा? ज्या दिवशी मंडळीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला कळेल की पाळकाने व्यासपीठावरून खोटं सांगितलं त्या दिवशी तो बाकीचं पण ऐकायचा थांबेल.

ताई, तू पुढे पाळक झालीस तर लोक तुला हमखास म्हणणार की गणिताने देव सिद्ध करून दाखवा. करू नकोस. गणिताला गणित राहू दे. देवाला गणिताच्या टेकूची गरज नाही आणि गणिताला आपल्या शिफारशीची नाही. दोन्ही पूर्ण प्रामाणिकपणे करणारं माणूस एकच असू शकतं, तेवढं पुरे.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मी दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवतो. सगळ्या जातीधर्माची पोरं येतात. त्यात मी कधी वचन घालत नाही. वर्गमूळ काढताना वर्गमूळच काढतो.

रोझ_नगर

सेवकदादा, तांदळाचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मास्तरकाका, तुमचे पण आभार.

एक कबुली द्यायची आहे. मागच्या वर्षी तरुण संघात मला बायबलमधलं गणित यावर बोलायला लावलं होतं. मी योहानाच्या २१ व्या अध्यायातले १५३ मासे घेतले, १ पासून १७ पर्यंतची बेरीज १५३ येते, ऑगस्टीननेही हे लिहून ठेवलंय. सगळ्यांना खूप आवडलं. पण नंतर मला कसंतरीच वाटत राहिलं, कारण बेरीज खरी आहे पण त्यावरून मी जे काढलं ते मी मनानेच काढलं होतं. १ राजे ७ मधल्या गंगाळसागराचं पण बोलले होते, व्यास १० हात आणि घेर ३० हात, म्हणजे पाय (π) तीन. तिथे तर मी ओढूनताणून पाय बरोबर करून दाखवला. आता वाटतं सरळ म्हणायला हवं होतं की लिहिणाऱ्याने ढोबळ माप दिलंय, बस.

वसईचा_वारा

रोझ, मी कॅथलिक, वसईचा. सहा वर्षं जेझुइटांकडे होतो, आता ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. आमचा रस्ता तुझ्यासाठी नाही, पण त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. तिकडे घाई नसते. दोन वर्षं नोव्हिशिएट म्हणजे उमेदवारी, मग पदवी, फिलॉसॉफी, मग मध्येच एखाद्या शाळेत किंवा कामावर पाठवतात, त्यानंतर थिऑलॉजी, दीक्षा व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि त्यात कुणाला गणिताची आवड दिसली तर त्याला गणितच पुढे शिकवतात. म्हणजे आवड ही पाचारणाच्या आड येणारी गोष्ट म्हणून बघत नाहीत. मी बाहेर पडलो ते वेगळ्या कारणाने, पण हे मी तिथून घेऊन आलो.

सेवकसाहेब म्हणतात त्याला जोडून. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे, १९२० मध्ये गणितात डॉक्टरेट, लगेच सेमिनरी, १९२३ ला धर्मगुरू, आणि १९२७ ला विश्व प्रसरण पावतंय असं दाखवणारा पेपर. क्रम बघ, आधी एक पुरतं शिकले, मग दुसरं पुरतं, मग दोन्ही आयुष्यभर. आणि १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा संबंध उत्पत्तीशी जोडल्यासारखं बोलल्यावर लमेत्र यांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की हा सिद्धांत देवाच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. धर्मगुरू असून असं म्हणायला केवढं मन लागतं!

आता आजोबांचं प्रश्नचिन्ह. मी काल रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. १९८१ ला १९ ने भागलं की बाकी ५. ५ गुणिले १९ म्हणजे ९५, अधिक २४ म्हणजे ११९, ३० ने भागून बाकी २९. २१ मार्चच्या पुढे २९ दिवस म्हणजे १९ एप्रिल. १९ एप्रिल १९८१ ला रविवारच होता, आणि पौर्णिमा रविवारी आली की ईस्टर पुढच्या रविवारी, म्हणून २६. आजोबांचा हिशोब इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

पण चर्चची पौर्णिमा ही आकाशातली पौर्णिमा नाही, कोष्टकातली आहे. जुन्या ज्युलियन कोष्टकात ईस्टरची पौर्णिमा २१ मार्च ते १८ एप्रिल यातच पडायची. १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं तेव्हा, म्हणजे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर केला तेव्हा, त्या कामात आमचे जेझुइट गणिती क्लाव्हियस होते. नव्या कोष्टकात ही पौर्णिमा कधीकधी १९ एप्रिलवर जायला लागली असती, तर ती त्यांनी १८ वरच थांबवली, म्हणजे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या जुन्या मर्यादेतच राहिला. म्हणून बाकी २९ आली की ती २८ धरायची. १८ एप्रिल १९८१ शनिवार. पुढचा रविवार १९. कॅलेंडर बरोबर, आजोबाही बरोबर, त्यांना फक्त हा एक अपवाद कुणी सांगितला नव्हता. गणिती गाउसने १८०० मध्ये हे सूत्र छापलं तेव्हा त्यालाही अपवाद जोडावे लागले.

पुढच्या वेळी २०२६ चं करून बघ, बाकी १२, पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवार, तर ईस्टर ५ एप्रिल. तिथे काही अडत नाही.

पाळकीणबाई

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मी जरा घरातलं बोलते. माझे मिस्टर पाळक, मी शाळेत नोकरी केली म्हणून दोन पोरं शिकली. पाळकाच्या पगारात घर कसं चालतं ते तुझ्या आजीला विचार. आणि गणिताची नोकरी पक्की असं पण धरून चालू नकोस, माझी भाची एम.एस्सी. नेट असून तासिका तत्त्वावर शिकवते, उन्हाळ्यात पगार बंद. म्हणजे आईच्या भीतीला दोन्हीकडे कारण आहे, तिला वेडी समजू नकोस, तिच्याशी बसून बोल.

दुसरं, तू मुलगी आहेस. सीएनआयमध्ये बायकांना दीक्षा मिळते, दार उघडं आहे, पण मंडळी कागदावर जशी असते तशीच प्रत्यक्षात असते असं नाही. काही घरी तुला दारातूनच पाणी देऊन वाटेला लावतील, काही घरच्या बायका जे पाळकसाहेबांना कधी सांगणार नाहीत ते तुला सांगतील. फॉर्म भरायच्या आधी मे महिन्यात एखाद्या खेड्यातल्या मंडळीत महिनाभर जाऊन राहा. पाहुणी म्हणून नको, कामाला. मग ठरव.

सेवक_मराठवाडा

पाळकीणबाई लाखाचं बोलल्या. रोझताई, आमच्याकडे ये. पाळकीण आहे घरात, राहायची सोय होईल, पाळकसाहेबांचं पत्र आण म्हणजे झालं. दहावीची पोरं मे मध्ये मोकळी असतात, नववीतून दहावीत गेलेली येतील, त्यांची त्रिकोणमिती तुझ्याकडे.

मास्तर_सोलापूर

वसईकरांनी १९८१ चं काय सुंदर सोडवलं! मी त्या वर्षी नोकरीला लागलो होतो, ईस्टर १९ ला झाला हे आठवतं, पण तो का १९ ला झाला हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

सेवकसाहेबांनी डी मॉर्गनचं नाव काढलं म्हणून आठवलं. याच डी मॉर्गनने १८५९ मध्ये लंडनला आपल्या एका भारतीयाचं पुस्तक छापून घेतलं, दिल्लीचे मास्टर रामचंद्र. जन्म पानिपतचा, १८२१. कॅल्क्युलस न वापरता नुसत्या बीजगणिताने कमाल-किमान काढायची रीत, ते पुस्तक त्यांनी आधी १८५० ला कलकत्त्यात स्वतः छापलं होतं. १८५२ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, दिल्लीत केवढा गहजब झाला. ते पाळक नव्हते, शाळामास्तरच. ख्रिस्ती झाल्यावरही शिकवत राहिले. आपल्या मंडळ्यांत मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगतात, या माणसाची सांगायला हवी. संडे स्कूलमध्ये सांग बाळ.

रोझ_नगर

रविवारी घरी जाऊन आले म्हणून उशीर झाला.

डायरी आजीसमोर ठेवली. वसईचे दादा, तुम्ही लिहिलंत ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं, पौर्णिमा १९ वर जायला लागली तर १८ वर थांबवायची. आजीला भागाकार-बाकी काही कळलं नाही, पण प्रश्नचिन्ह बघून म्हणाली की त्या वर्षी ते आठ दिवस अस्वस्थ होते, ईस्टरच्या उपासनेला पण हे डोक्यात होतं त्यांच्या, मी म्हटलं अहो पुनरुत्थान झालंय ना, तारीख कशाला धरून बसलात, तर म्हणाले झालंय म्हणूनच तारीख नीट यायला हवी. मग तिनेच पेन्सिल आणून दिली. मी प्रश्नचिन्ह खोडलं नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलं, बाकी २९ आली तर २८ धरणे.

आई-पप्पांशी बोलले. पाळकीणबाई, तुमचं ऐकून आधी आईशीच बोलले, एकटीशी. ती रडली थोडी. मग म्हणाली एम.एस्सी. चांगल्या मार्कांनी पूर्ण कर, नेट दे, पास झालीस तर सर्टिफिकेट हाताशी राहील, मग जा. पीएचडीचा अर्ज मी करत नाहीये. मॅडमना सांगताना सगळ्यात जास्त भीती वाटली होती, त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांच्या कपाटातून कम्युटेटिव्ह अल्जेब्राचं एक पुस्तक काढून दिलं, म्हणाल्या हे परत करायला दर सुट्टीत यायचं, एक चॅप्टर करून. टोपोलॉजी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मी पीएचडी वाट बघायची जागा म्हणूनच धरली होती.

सेवकदादा, मे मध्ये येतेय. पाळकसाहेब पत्र देतो म्हणालेत. त्रिकोणमितीचं पुस्तक नवं घेऊन येऊ का तुमच्याकडे आहेत? आणि ग्रीक आत्तापासून सुरू करायचं असेल तर मराठीतून व्याकरणाचं काही मिळतं का, का इंग्रजीतूनच करावं लागेल?

सेवक_मराठवाडा

त्रिकोणमितीची आहेत, आणू नकोस. ग्रीकला इंग्रजीतलंच घ्यावं लागेल, माझं जुनं आहे, पानं सुटलीयत पण शेवटचे तक्ते शाबूत आहेत, आलीस की घेऊन जा. तोवर चोवीस अक्षरं पाठ कर, निम्मी तर तुला येतातच.